दोन इंच

दिल्लीत उंचीला मोठा मान आहे, ही गोष्ट येथे बदलून आलेल्या माणसाच्या पहिल्या पंधरवड्यातच ध्यानात येते. कोणाची खोली कितव्या मजल्यावर, कोणाच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या किती वर, कोण वेतनतक्त्याच्या कितव्या पातळीवर, यांवरून येथे नमस्काराची खोली ठरते. अलीकडे हा मान मोटारींनाही लाभू लागला आहे. मी रोज रामकृष्णपुरमहून कचेरीला स्कूटरने जातो. रिंग रोडवरील सिग्नलला थांबलो असता शेजारी जे येऊन उभे राहते त्याला मोटार म्हणणे मला जड जाते. मला दिसते ते मोटारीचे पोट. चाकाचा माथा माझ्या बैठकीच्या वर असतो, आणि चालकाचे मुखदर्शन घ्यायचे तर देवळाच्या कळसाकडे पाहावे तशी मान वर करावी लागते.

या गाड्या अशा जन्माला येत नाहीत. त्या मागाहून उंच करण्यात येतात. इकडे याला ‘गाड़ी उठवाना’ म्हणतात. स्प्रिंगांशी ठोकळे घालून, किंवा स्प्रिंगाच बदलून, गाडीचे धड दोन, तीन, क्वचित चार इंच वर घ्यायचे. मूळची चाके काढून त्यांच्या जागी ट्रॅक्टरशी नाते सांगणारी थोरली, खाचांची चाके बसवायची. आणि मग जेथे रस्ता नाही तेथे गाडी न्यायची. या शेवटच्या उद्योगाला ऑफ-रोडिंग असे नाव आहे. रस्ता नाही अशी जागा गाठण्यासाठी दिल्लीकराला आधी दीड-दोन तास रस्त्यानेच जावे लागते, ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेत नाही.

विषय माझा नव्हे. ज्याचे मासिक उत्पन्न वेतनपत्रकात अगोदरच छापलेले असते, त्याने असल्या छंदांकडे दुरूनच पाहावे. परंतु धाकट्या भावामुळे हा छंद माझ्या घरी चालत आला. तो गुरुग्रामला एका खाजगी कंपनीत आहे. गेल्या वर्षी त्याने कर्ज काढून जुनी थार घेतली. २०२१ सालची, चारही चाके ओढणारी. हिचा सध्याचा घाट २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आला, आणि ती तयार होते आमच्या नाशकात. पोटापाण्यासाठी दोघे भाऊ नाशिक सोडून इकडे आलोच होतो. तिसरी ही आली, असे आमच्या आई म्हणाल्या.

थारचे कूळ जीपचे. विलीज कंपनीची जीप १९४१ पासून महायुद्धासाठी बनू लागली आणि युद्ध संपल्यावर जगभर पांगली. आपल्याकडे ती आणणाऱ्या कंपनीची हकीकत मौजेची आहे. १९४५ साली लुधियान्यात महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत पोलादाचा व्यापार आरंभिला. फाळणी झाली, भागीदार पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचे एक नाव बदलले. पुढे मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि पाहता पाहता जीप म्हणजे सरकार असे समीकरण खेडोपाडी रूढ झाले. तहसीलदार, वनाधिकारी, फौजदार, धरणाचे इंजिनिअर, सगळे गावात उतरत ते जीपमधून. धुरळा दिसला की कोणीतरी साहेब आला हे गाव ओळखत असे.

आमचे वडील, अण्णा, अशाच एका जीपचे चालक होते. पाटबंधारे खात्यात त्यांनी तीस वर्षे गाडी चालवली. त्यातली बरीचशी इगतपुरीच्या बाजूला, वैतरणा आणि मुकण्याच्या परिसरात. त्या मुलखाचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तेथला चिखल सांगावा लागत नाही. साहेबांना धरणावर न्यायचे, आणायचे, लॉगबुकात किलोमीटर लिहून सही घ्यायची, किल्ली कचेरीत टांगायची आणि सायकलने घरी यायचे. आम्ही दोघे भाऊ त्या जीपमध्ये कधी बसलो नाही. चालत्या तर नाहीच, उभ्याही नाही. एकदा धाकट्याने कचेरीच्या आवारात तिच्या मडगार्डवर पाय ठेवला तेव्हा अण्णांनी त्याला हाताला धरून खाली उतरवले आणि म्हणाले, “ती आपली नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा ते वाक्य आमच्या ध्यानात राहिले.

तर त्या धाकट्याने थार घेतली, आणि चार महिन्यांत मला सांगितले, “दादा, गाडी उठवायची आहे. दोन इंच लिफ्ट आणि तेहतीसची चाकं. रविवारी मायापुरीला येशील का?”

मायापुरी हे पश्चिम दिल्लीतले मोडीचे माहेर. जी मोटार देशात कोठेही मरते तिची हाडे कधी ना कधी येथे येतात, अशी या बाजाराची ख्याती. अलीकडे मेट्रोच्या गुलाबी मार्गावर मायापुरीचे स्थानक झाले आहे, त्यामुळे जाणे सोपे. पण भाऊ गाडीतूनच घेऊन गेला. गल्लीच्या दोन्ही बाजूंस गिअरबॉक्सांचे ढीग, दारांच्या उतरंडी, एकावर एक रचलेले आस, आणि जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने झालेला काळा गिलावा. एखाद्या खात्याच्या अभिलेखकक्षात उभे राहिल्यासारखे मला वाटले: सारे काही येथे आहे, फक्त कोणाचे ते सांगता येत नाही.

भावाने शोधलेला मिस्त्री साठीचा सरदार होता. त्याला सारे उस्ताद म्हणत. मला वाटले होते की हा मनुष्य गोड बोलून माल खपवील. परंतु त्याने आधी गाडीखाली पथारी टाकली, पाठीवर सरपटत आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “दो इंच तो मैं शाम तक उठा दूँगा. पर फिर दस चीज़ें और पकड़नी पड़ेंगी. सुनोगे?”

आम्ही ऐकले. मला तर कचेरीतल्या कित्येक सादरीकरणांपेक्षा ते अधिक मुद्देसूद वाटले.

पहिली गोष्ट त्याने हाताच्या पंजाने दाखवली. गाडी खडकावर अडते ती बहुधा मधल्या गोळ्यावर, म्हणजे मागच्या आसाच्या पोटाशी जो डिफरन्शियल असतो त्यावर. स्प्रिंगा उंच केल्या की धड वर जाते, आस तेथेच राहतो. गोळा जमिनीपासून जितका होता तितकाच. त्याला वर घ्यायचे तर चाकच मोठे हवे. आणि तेथेही चाकाचा व्यास अडीच इंच वाढला तर आस वर जातो सव्वाच इंच, कारण उरलेला सव्वा इंच आसाच्या वरच्या बाजूस वाढतो. भावाच्या गाडीची मूळ चाके साडेतीस इंचांची. म्हणजे तेहतीसच्या चाकांनी मिळणार सव्वा इंच. उरलेली लिफ्ट कशासाठी, तर ते थोरले चाक मडगार्डला घासू नये म्हणून. “उठाते हैं टायर के वास्ते,” उस्ताद म्हणाला, “और लोग समझते हैं पहाड़ के वास्ते.”

मग एकेक करून बाकीचे. पुढची चाके स्वतंत्र टांगलेली. धड वर गेले की त्यांच्याकडे गती नेणाऱ्या दांड्या वाकड्या कोनात काम करू लागतात आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. मागच्या बाजूस प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, विशिष्ट वेगाला गाडी थरथरते. चाकांची ठेवण बिघडते, ती पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. चाक जड झाले म्हणजे त्याला फिरवायला इंजिनाला अधिक जोर आणि थांबवायला ब्रेकला अधिक श्रम. चाक मोठे झाल्याने प्रत्येक फेऱ्यात अंतर अधिक कापले जाते, पण काट्याला ते ठाऊक नसते: काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६५ च्या आसपास असेल. दिव्यांचा रोख वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. (रोज रात्री माझे डोळे कोण दिपवतो याचा उलगडा मला येथे झाला.) स्टेपनीही तेहतीसचीच हवी, ती मागच्या दाराला टांगलेली, म्हणून दाराच्या बिजागऱ्या लोंबू लागतात. आणि शेवटी वळण. दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर जवळजवळ तेवढेच राहिले आणि वजन मात्र वर चढले, तर गाडी वळणावर अधिक कलते. अंग सावरण्याची तिची ताकद कमी होते. “मैदान में नहीं पलटती,” उस्ताद म्हणाला. “फ्लाईओवर के मोड़ पर पलटती है.”

सरकारी नोकरीतल्या वाचकांना हे सारे समजण्यासाठी यंत्रशास्त्राची गरज नाही. वेतन आयोगाचा अनुभव पुरेसा आहे. एका संवर्गाची श्रेणी दोन पायऱ्या वर घ्या, की त्याच्या खालचा म्हणतो आमचे अंतर वाढले, वरचा म्हणतो आमचे कमी झाले, शेजारच्या खात्यातला समकक्ष न्यायाधिकरणात जातो, आणि मूळचा आदेश काढणारा पुढची दहा वर्षे विसंगती दूर करीत बसतो. मोटार हीदेखील अशीच एक वाटाघाटीने ठरलेली श्रेणीरचना आहे. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी स्प्रिंगेचे म्हणणे, ब्रेकचे म्हणणे, टायरचे म्हणणे ऐकून घेऊन सर्वांना थोडे नाखूश ठेवले, तेव्हा ती गाडी रस्त्यावर आली. थारला त्यांनी जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची दिली; म्हणजे जवळजवळ नऊ इंच. ६५० मिलिमीटर पाण्यातून ती जाते असे तेच सांगतात. मिंटो पुलाखाली पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा भावाने दाखला दिला, पण त्यावर मी एवढेच म्हणालो की तेथे रस्ता बंद असतो तेव्हा उंच गाडीलाही तो बंदच असतो.

कायद्याचा भाग मी घरी येऊन वाचला. ती माझी सवय आहे. संबंधित कलम वाचल्याशिवाय मला कोणत्याही गोष्टीची भीतीही वाटत नाही आणि धीरही येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, हे कलम कडक अर्थाने वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२क आले, त्याच्या चौथ्या उपकलमात अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘दर बदलास’ या शब्दांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. लिफ्ट हा एक बदल. चाके पाच, पण ती एकत्र मोजायची की सुटी? मडगार्डची कड कापली तर तो लिफ्टचा परिणाम की स्वतंत्र बदल? यावर तीन पानांची टिप्पणी मला सहज लिहिता आली असती. भावाने मात्र विचारले की मग रस्त्यावर इतक्या गाड्या दिसतात त्या कशा, आणि या प्रश्नाला दिल्लीत कोणत्याही कलमाखाली उत्तर नाही.

तरीही न्यायाने वागायचे तर दुसरी बाजू सांगायला हवी. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा हौशी मंडळींच्या अशाच उंच केलेल्या जीपगाड्या पाण्यातून माणसे काढायला धावल्या होत्या. छंदाने कमावलेली उंची त्या दिवसांत परोपकाराला आली. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली या गावाचा तर जुन्या जीपगाड्या नव्याने घडवणे हा नावाजलेला धंदाच आहे; तेथल्या कारागिरांच्या हातातली विद्या ही विद्याच आहे, तिला केवळ बेकायदा म्हणून हात झटकणे मला पटत नाही. आणि उस्ताद? ज्या मनुष्याने गिऱ्हाईक बिघडेल याची पर्वा न करता दहा दोष मोजून दाखवले, त्याला मी माझ्या कचेरीतील कित्येक तज्ज्ञ समित्यांवर नेमला असता.

मला अधिक विचार पडला तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे सर्व ऐकूनही भावाने उस्तादाच्या हातावर पाच हजार रुपये आगाऊ ठेवले. परतताना मी विचारले, “का रे? तुला हवंय काय नेमकं?” नारायणापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “दादा, आहे तशी ती कंपनीची गाडी आहे. बँकेची आहे. मी काहीतरी केलं की माझी होईल.”

यावर मला बोलता आले नाही. मी सरकारी निवासस्थानात राहतो. आमच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकघरात एक फळी हवी आहे. ती गेली सहा वर्षे हवी आहे. भिंत सरकारची आहे, तीत खिळा मारायचा तर उद्या रिकामी करताना तो खड्डा कोणाच्या नावे, हा विचार मला खिळ्याच्या आधी सुचतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाची सगळी वस्तूंशी ओळख अशीच असते: वापरायच्या, जपायच्या, परत करायच्या. अण्णांनी तीस वर्षे एक गाडी अशीच चालवली. तिचा एक नटही त्यांचा नव्हता, आणि तरी तिचा प्रत्येक नट त्यांना ठाऊक होता. भावाला त्या दोन वाक्यांमधले अंतर मिटवायचे होते, आणि त्याला सापडलेला उपाय दोन इंचांचा होता. सिग्नलवर ज्यांच्या पोटाकडे मी वर मान करून पाहतो, त्या गाड्यांपैकी किती जणांना खरोखर डोंगर चढायचा असतो, आणि किती जणांना फक्त ‘ही माझी’ असे मोठ्याने म्हणायचे असते?

लिफ्टचे सामान यायला पंधरा दिवस होते. त्या अवधीत भावाचे कचेरीतले मित्र त्याला सोहन्याच्या पलीकडे एका खाजगी शेतावर घेऊन गेले. तेथे पैसे घेऊन चिखलातून गाडी चालवू देतात. मीही गेलो. खणून पाणी सोडलेला एक लांब खड्डा होता आणि काठावर सात-आठ गाड्या. त्यांतल्या तीन उठवलेल्या. भावाने खड्डा पाहून नाशिकला अण्णांना फोन लावला. अण्णा निवृत्तीनंतर फोनवर फार थोडे बोलतात. त्यांनी विचारले, “तळ पाहिलास का?” भाऊ म्हणाला, “नाही.” “मग खाली उतर. काठी घेऊन पाण्यात चालून ये. हवा किती आहे चाकात?” “तीस पौंड.” “अठरावर आण. परत येताना भर, विसरू नको. आणि मध्ये थांबायचं नाही, पळवायचंही नाही.” हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, लांबून मातीला धरतो, आणि रुततो कमी, इगतपुरीच्या चिखलात अण्णांनी लिफ्टवाचून एवढ्यावर निभावले होते. भाऊ पँट गुडघ्यांवर घेऊन खड्ड्यात उतरला तेव्हा मित्र हसले. त्याची गाडी पलीकडे निघाली. परतीच्या फेरीत मात्र ती मध्येच बसली, कारण एवढ्यात दुसऱ्यांनी तळ उकरून ठेवला होता. तिच्या शेजारीच एक तेहतीस इंची चाकांची गाडीही पोटावर टेकून स्वस्थ बसली होती. मग शेतमालकाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी अडकवली आणि दोन्ही गाड्या ओळीने बाहेर काढल्या. प्रत्येकी पाचशे रुपये घेतले. संपूर्ण दिवसात घाई न करणारा तो एकटाच होता.

परतताना एका मित्राला फरीदाबादला सोडायचे होते, म्हणून गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्याने आलो. या रस्त्याच्या कडेला अरवली आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे डोंगर प्रथम डोंगर वाटतच नाहीत. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ती नुसती दगडांची पाठ दिसते. पण वयाने हे जगातल्या अतिवृद्ध पर्वतांपैकी आहेत, आणि इतके झिजले म्हणूनच इतके ठेंगणे आहेत. येथेच मांगर गावाची बनी आहे. धौ नावाच्या झाडांचे हे राखीव देवराईसारखे रान गुदडिया बाबांच्या श्रद्धेने गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. तेथे फांदी तोडत नाहीत. बिबटे आहेत. आसपास अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. भोवतालच्या बऱ्याच जमिनीला १९०० सालच्या पंजाब भूसंरक्षण कायद्याचे कवच आहे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाखालील विशेष आदेशांनी राखलेली जमीन ही वनच समजायची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला.

रस्त्यावरूनच एका उतारावर चाकांच्या जोडओळी दिसल्या. खाचांच्या टायरांच्या होत्या, ते आता मलाही ओळखता येऊ लागले होते. पहिली गाडी जाते तेव्हा फक्त गवत दबते. दहावी जाते तेव्हा गवताची मुळे सुटतात आणि वरची पातळ मातीची साय निघते. मग जो पहिला पाऊस येतो तो त्या दोन चाकोऱ्यांनाच ओहोळ समजतो. आम्ही पाहिल्या त्यांतली एक चाकोरी कमरेइतकी खोल झाली होती आणि तिच्या कडेला एक झाड मुळे उघडी टाकून उभे होते. भावाने गाडी बाजूला घेतली. मला वाटले आता हा आत वळवतो की काय, आणि मी शासकीय स्वरात काही बोलण्याची तयारी केली. पण तो खाली उतरला, उतारापाशी जाऊन वाकून पाहिले, परत आला आणि म्हणाला, “चढ काही एवढा मोठा नाही, दादा. आहे तशी गाडीसुद्धा गेली असती.” थोड्या वेळाने म्हणाला, “म्हणून तर एवढ्या गेल्या.” फरीदाबादपर्यंत मग कोणी चाकांचा विषय काढला नाही.

दिवाळीत आम्ही थार घेऊन नाशिकला गेलो. दोन दिवसांचा प्रवास. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी घातली, मग दुसरी, मग गुडघा धरून खाली बसले आणि मागचा गोळा पाहिला. बॉनेट उघडायला लावले, तेलाची दांडी काढून स्वतःच्या धोतराला पुसली. बोलले काही नाही. भावाने किल्ली त्यांच्या हातात दिली तेव्हा ती त्यांनी क्षणभर तशीच धरली, जणू आता ती कोठे टांगायची हे शोधत होते. मग गंगापूर धरणापर्यंत गाडी त्यांनी चालवली. भाऊ शेजारी आणि मी मागे. थारमध्ये मागे बसणाऱ्याला पुढचे आसन पाडून, अंग चोरून आत शिरावे लागते, हे येथे नोंदवून ठेवतो. अण्णा चाळीसच्या वर गेले नाहीत. परत आल्यावर त्यांच्या तोंडून सवयीने निघाले, “लॉगबुक कुठंय?” आणि ते स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी आईंना काळारामाला न्यायचे होते. त्यांचे गुडघे दुखतात. गाडीचे दार उघडले आणि त्या उंबऱ्याकडे पाहतच राहिल्या. मी एका हाताला धरले, भावाने दुसऱ्या. पाय तेथवर पोचेना. अखेर घरातून चौरंग आणला. दिवाळीतल्या पूजेचा, पितळी फुलांचा. आई प्रथम त्यावर पाय ठेवायला तयार होईनात, मग त्याला हात लावून नमस्कार केला आणि चढल्या. देवळापाशी उतरताना चौरंग पुन्हा लागला. तो भावानेच मांडीवर धरून नेला होता. येताना पुन्हा तेच. चार वेळा चौरंग खाली ठेवला, चार वेळा उचलला. त्या दिवशी त्याने उंबऱ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर माझ्या देखत पट्टीने मोजले, मोबाईलमध्ये लिहिले, आणि त्यावर काही चर्चा केली नाही.

दिल्लीला परतल्यावर पुढच्या रविवारी आम्ही मायापुरीला गेलो. लिफ्टचे सामान येऊन पडले होते. भाऊ म्हणाला, “उस्ताद, लिफ्ट रहने दीजिए.” टायर बदलायचे, पण मूळच्याच मापाचे, फक्त खाचा जरा खोल, आणि आगाऊ दिलेले पाच हजार परत नकोत, त्यांत गाडीला पायदान बसवून द्यायचे. लिफ्टचे सामान परत करावे लागेल म्हणून उस्ताद भांडेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने डोळे बारीक करून विचारले, “किसके लिए?”

“माँ के लिए,” भाऊ म्हणाला.

उस्तादाने मुलाला हाक मारली आणि दुकानात मांडलेली चकचकीत पायदाने काढू नकोस म्हणून सांगितले. मग स्वतःच मागच्या ढिगाकडे गेला, बराच वेळ खडखडाट केला, आणि एका जुन्या जीपचे लोखंडी पायदान ओढत घेऊन आला. त्यावर गंज होता, पण पत्रा जाड होता. त्याने ते जमिनीवर ठेवले, त्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला, आणि एकदा उडी मारून पाहिली.